विंडोज फुकट, खर्च बाकीचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्यामुळे कोणाचा संगणक बंद पडला नाही. सेवा केंद्रातून उत्पन्नाचे दाखले निघत राहिले, मोंढ्यातल्या आडतीवर पट्ट्या छापल्या गेल्या, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट झाले. सगळं जसंच्या तसं चाललेलं दिसतं, म्हणून बरेच जण हा विषय पुढे ढकलतात. काही जण मात्र दुकानात ‘हे मशीन आता बाद झालं’ एवढं ऐकून चाळीस हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घेऊन येतात. बीड असो, माजलगाव असो की अंबाजोगाई, या दोन टोकांच्या मधला हिशेब गिऱ्हाइकाला सहसा कोणी मांडून देत नाही. तो इथे मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विंडोज ११ बहुतेकांना फुकट मिळते. पैसे जातात ते तिच्यामुळे बदलाव्या लागणाऱ्या गोष्टींवर: प्रिंटर, थंब मशीन, फॉन्टचं डोंगल, कधी आख्खं मशीन, आणि काम बंद राहिलेला दिवस. म्हणून संगणकाला काय काय जोडलेलं आहे आणि त्याच्यावर कोणाचं पोट चालतं, हे बघून ठरवावं. जाहिरात बघून किंवा पडद्यावर येणारी सूचना बघून ठरवू नये.

थांबलं नेमकं काय, ते समजून घ्या. विंडोजमध्ये दर महिन्याला नवी भोकं सापडतात आणि कंपनी ती बुजवत असते. हे बुजवणं थांबलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. त्याने ज्या भोकातून शिरकाव केला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. घरी पोरांनी सिनेमे बघायला ठेवलेल्या मशीनचं नुकसान मर्यादित असतं. सेवा केंद्राच्या मशीनमध्ये मात्र गावातल्या शेकडो लोकांच्या आधारच्या, पासबुकच्या, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती पडलेल्या असतात. तिथला धोका लोकांच्या कागदपत्रांना आहे, आणि ती कागदपत्रं त्यांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेली असतात. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

घाबरवण्यासाठी जे सांगितलं जातं त्यातलं बरंच मात्र खरं नाही. विंडोज १० वर क्रोम चालतो. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधार मात्र त्याच १४ ऑक्टोबरला संपला, हे अनेकांच्या लक्षात आलेलं नाही.

मशीन कोणत्या पिढीचं

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते असं कंपनी म्हणते. प्रत्यक्षात ४ जीबीवर ती रखडते. ८ जीबी नसेल तर या वाटेला जाऊच नये. खरी अडचण प्रोसेसरची आहे. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे साधारण २०१७ च्या अखेरीनंतर बाजारात आलेला प्रोसेसर लागतो. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट लागतं.

लॅपटॉपवरचं ‘आय-५’चं स्टिकर बघून काही कळत नाही. त्याच्या पुढचा आकडा बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. ‘आय-५ ७२००यू’ म्हणजे सातवी पिढी, ती नापास. ‘आय-५ ८२५०यू’ म्हणजे आठवी, ती पास. ‘आय-३ १०११०यू’ दहावी. एक फसवा प्रकार आहे: ‘१०३५जी१’ किंवा ‘१११५जी४’. इथे आकडे चारच असले तरी पहिले दोन वाचायचे, म्हणजे दहावी आणि अकरावी पिढी. एएमडी रायझेन, पेंटियम आणि सेलेरॉन यांच्या बाबतीत इतका सोपा ठोकताळा नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते चालवा आणि ते सांगेल ते धरा.

इथे एक जागा अशी आहे जिथे गिऱ्हाइकाचे हजारो रुपये विनाकारण जातात. हेल्थ चेकने ‘टीपीएम नाही’ असं दाखवलं म्हणजे मशीन गेलं असं नव्हे. स्थानिक दुकानातून जोडून घेतलेल्या, आठव्या-नवव्या पिढीच्या असेंबल डेस्कटॉपमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने. ते चालू करायला दहा मिनिटं लागतात. तशीच दुसरी गोष्ट हार्डडिस्कच्या जुन्या मांडणीची. डिस्क ‘एमबीआर’ पद्धतीची असेल तर सिक्युअर बूट चालू होत नाही, आणि दुकानदार लगेच ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणतो. विंडोज १० मध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन आहे, त्याने डेटा न पुसता मांडणी बदलता येते. डेटाची प्रत आधी काढून ठेवा आणि दुकानदाराला हे नाव घेऊन विचारा.

तुमच्याकडे ३२-बिट विंडोज असेल तर ती सरळ ११ होत नाही, नव्याने टाकावी लागते, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. २ किंवा ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ३२-बिट टाकून दिलेली पुष्कळदा आढळते. डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोवर खतावण्या ठेवणाऱ्या छोट्या संस्थांनी इथे थांबावं. तसली १६-बिट सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत. त्यांनी आधी हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलायचं, मग विंडोज.

पैशाचा हिशेब

मशीन पास झालं आणि त्यातली विंडोज १० अस्सल असेल, तर ११ ला कंपनी एक पैसा घेत नाही. अस्सल आहे का ते सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर दिसतं. पण तिथे ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसलं तरी खात्री होत नाही, कारण असेंबल मशीन देताना ॲक्टिव्हेटर चालवून तसं दाखवता येतं. ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसह घेतला असेल तर चावी बोर्डमध्येच असते, तिथे काळजी नाही. असेंबल असेल तर बिल बघा. बिलात विंडोजची वेगळी ओळ नसेल, तर बहुधा ती विकत घेतलेलीच नाही. ॲक्टिव्हेटर चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि ज्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक टाकले जातात तिथे ही गोष्ट मला मुळीच मान्य नाही. विंडोज ११ होमचं अस्सल लायसन्स दहा हजारांच्या पुढेमागे पडतं. तीनशे-चारशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या चाव्या म्हणजे लायसन्स नव्हे. त्या कुठल्यातरी कंपनीच्या वाट्याच्या असतात आणि कधीही बंद होतात.

दुकानदाराची मजुरी साधारण तीनशे ते आठशे रुपये. डेटाची प्रत काढून द्यायची असेल तर काही जण वेगळे घेतात, ते आधी विचारा. डाउनलोड पाच-सहा जीबीचं आहे. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून हे जमणार नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने एकदाच उतरवून घ्या, म्हणजे दुकानातली सगळी मशीनं त्यावरूनच होतात. आणि विजेचं बघा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, किंवा त्याची बॅटरी पाच मिनिटांतच मान टाकत असेल, तर अपग्रेड सुरू करू नका. अर्ध्यात लाइट गेली की मशीन कधी स्वतः मागच्या जागी येतं, कधी सुरूच होत नाही. भारनियमनाची वेळ माहीत असतेच, तेवढी सोडून बसा.

मशीन नापास झालं तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट अनेकांना माहीतच नाही. विंडोज १० ला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. या योजनेला ईएसयू म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने मशीनमध्ये लॉगिन केलं आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला, तर ते वर्ष फुकट आहे. तसं नको असेल तर एकदाच ३० डॉलर, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये आणि वर कर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत ही सोय लागू होते. मशीन २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असावं लागतं. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल’चा दुवा येतो, तिथून नाव नोंदवायचं. उशिरा नोंदवलं तरी मधली सगळी अपडेट मिळतात. योजना व्यक्तिगत वापराच्या मशीनसाठी आहे. कार्यालयाच्या डोमेनला जोडलेली मशीनं तिच्यात बसत नाहीत. संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर असून पुढे दरवर्षी दुप्पट होतो. शाळांना मात्र पहिलं वर्ष फक्त १ डॉलर, दुसरं २, तिसरं ४. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक कक्ष असेल तर मुख्याध्यापकांनी ही गोष्ट केंद्रप्रमुखांच्या कानावर घालावी, कारण शे-दोनशे रुपयांच्या सोयीअभावी चालू मशीनं कोपऱ्यात जाऊन पडू नयेत.

दुसरी वाट मशीन बदलायची. नवा, कामापुरता लॅपटॉप ३५ ते ४५ हजार. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅम आणि एसएसडीचे भाव झपाट्याने चढले, कारण मेमरी चिपचा मोठा वाटा एआयच्या डेटा सेंटर्सकडे जाऊ लागला. त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका, भाव त्याच दिवशी विचारा. माझा कल अशा वेळी रिफर्बिश्डकडे असतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्या भाड्याने घेतलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी परत करतात, ते साफसूफ होऊन संभाजीनगर, अहिल्यानगरमार्गे आपल्याकडे येतात. साधारण १८ ते २५ हजारांत दणकट यंत्र मिळतं. पण मॉडेल नीट बघा: लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० आठव्या पिढीचा, टी४७० सातव्या. एचपीचा एलिटबुक ८४० जी५ आठव्या, जी४ सातव्या. बाहेरून फरक कळत नाही आणि किमतीतला फरक दोन-तीन हजारांचाच असतो. सातव्या पिढीचा माल सध्या ढीगभर विकायला निघाला आहे, कारण मोठ्या कंपन्या तोच काढून टाकताहेत. ‘विंडोज ११ टाकून देतो’ या शब्दावर तो घेऊ नका. नापास मशीनवर तपासणी चुकवून ११ टाकता येते हे खरं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मोठ्या आवृत्त्या प्रत्येक वेळी हाताने टाकाव्या लागतात. फारच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ पासूनची आवृत्ती सुरूच होत नाही. घरच्या मशीनवर ज्याला खटपट करायची हौस आहे त्याने करावी. ज्या मशीनवर रोजची कमाई आहे त्याच्यावर करू नये.

तिसरी वाट लिनक्सची. लिनक्स मिंट फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकी चालते आणि तिची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. पोरांचा अभ्यास, यूट्यूब, मेल, इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग, लिबरऑफिसमध्ये अर्ज लिहिणं, एवढ्यासाठी ती पुरते. टॅली, श्रीलिपी, थंब मशीन यांच्यासाठी ती वाट धरू नका.

आणि मशीन फक्त हळू चालतंय अशी तक्रार असेल तर विंडोजला दोष देऊ नका. १ टीबीची फिरती हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली की तेच मशीन दोन मिनिटांऐवजी वीस सेकंदांत उघडतं. २०२५ च्या मध्यापर्यंत हे काम दीड-दोन हजारांत होत होतं, आता जास्त लागतात, तरी नव्या लॅपटॉपच्या तुलनेत खर्च किरकोळच.

थंब मशीन, डोंगल आणि फॉन्ट

आता मूळ मुद्दा. सेवा केंद्रवाल्यांच्या टेबलावर काय असतं ते डोळ्यांपुढे आणा. एक कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा १०२० प्रिंटर, दहा-पंधरा वर्षं इमानाने चाललेला. एक स्कॅनर. अंगठ्याचं मशीन. डिजिटल सहीचं टोकन. एखादा वेबकॅम. यातल्या प्रत्येकाला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि तो ज्या काळात लिहिला त्या काळात विंडोज ११ नव्हती. ६४-बिट ड्रायव्हर मिळाला तर जुने प्रिंटर पुष्कळदा चालतात. नाही चालला तर नव्या लेझर प्रिंटरला बारा ते पंधरा हजार मोजावे लागतील. ‘फुकट’ अपग्रेडची खरी किंमत ही.

थंब मशीनचं जरा वेगळं आहे. आधार प्रमाणीकरणासाठी आता एल-१ दर्जाची यंत्रं लागतात. मंत्रा कंपनीचं जुनं एमएफएस १०० हे एल-० दर्जाचं होतं, एमएफएस ११० हे एल-१ आहे. जुनं यंत्र अजून ड्रॉवरमध्ये असेल तर विंडोज कोणतीही असो, ते कामाचं नाही. एल-१ यंत्राला साधारण अडीच-तीन हजार पडतात, आणि त्याचं ‘आरडी सर्व्हिस’ नावाचं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालतं. म्हणजे हा खर्च विंडोजच्या नावावर लिहू नका, तो येणारच होता.

ग्रामपंचायतींनी डिजिटल सहीकडे लक्ष द्यावं. ई-ग्रामस्वराजवरून होणारी देयकं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सह्यांवर जातात. ईपास २००३, प्रॉक्सकी, एमटोकन अशा ज्या टोकनवर त्या सह्या असतात, त्याचं सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर नव्याने टाकावं लागू शकतं. टोकनचा पासवर्ड कोणाला आठवत नाही आणि चुकीचा टाकत राहिलं की टोकन लॉक होतं. मग नवी सही काढायचा खर्च आणि तोवर अडकलेली बिलं. अपग्रेडच्या आधी पासवर्ड एकदा टाकून खात्री करा.

या सगळ्याला एक बिनखर्ची उपाय आहे, आणि तो केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओळखीत कोणाकडे तरी विंडोज ११ चा लॅपटॉप असतोच. तो अर्ध्या तासासाठी मागून आणा. आपला प्रिंटर त्याला जोडा, ड्रायव्हर टाका, एक पान काढा. थंब मशीन जोडा, अंगठा घेऊन बघा. टोकन लावा, सहीचं प्रमाणपत्र दिसतं का बघा. जे चालत नाही ते कागदावर लिहा आणि समोर बदलण्याची किंमत टाका. खाली बेरीज येईल ती तुमच्या अपग्रेडची किंमत. शून्य आली तर आजच करा. वीस हजार आली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ईएसयूवर राहून पैसे जमवा.

डीटीपीवाल्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जाहीर नोटिसा, दुकानांचे बोर्ड यांचं काम आजही पेजमेकर ७ आणि कोरलच्या जुन्या आवृत्त्यांवर चालतं. अक्षरं श्रीलिपीची, कृतिदेवची किंवा सी-डॅकच्या आयएसएमबरोबर आलेली डीव्हीबी-टीटी मालिकेतली. पेजमेकर ७ हे ३२-बिट सॉफ्टवेअर असल्याने ते विंडोज ११ वर चालवता येतं, आणि फॉन्टच्या फायलीही तिथे बसतात. अडतं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा असते, ती डोंगलचे जुने ड्रायव्हर अडवते. मग कोणीतरी येऊन ती सुरक्षाच बंद करून देतं, आणि ज्या कारणासाठी अपग्रेड केलं ते कारणच हातातून जातं. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची आहे. त्यांच्याकडे आपल्या डोंगलचा क्रमांक सांगून विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का, की नवी आवृत्ती घ्यावी लागेल, हे विचारा. आवृत्तीची किंमत ऐकल्याशिवाय विंडोजला हात लावू नका.

माझ्या मते छोट्या डीटीपी केंद्राने सरळ दोन मशीनं ठेवावीत. जुनं, विंडोज ७ किंवा १० चं मशीन पेजमेकरसाठी तसंच राहू द्यावं, फक्त त्याचं नेट कायमचं काढावं, वायफायसुद्धा. फायली पेनड्राइव्हने न्याव्या आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर तपासून घ्यावा. मेल, व्हॉट्सॲप, बँक, पीडीएफ पाठवणं हे सगळं दुसऱ्या, नव्या विंडोजच्या मशीनवर. दुसरं मशीन आधीच असेल तर यात नवं काही विकत घ्यावं लागत नाही आणि वीस वर्षांच्या फायली शाबूत राहतात. नव्या कामासाठी मात्र युनिकोडची सवय लावायला सुरुवात करा. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो फुकट आहे आणि त्याला डोंगल लागत नाही.

टॅलीवाल्यांना फार त्रास नाही. टॅलीप्राइम विंडोज ११ वर व्यवस्थित चालते. एवढं करा: डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन फॉरमॅट करणार असाल तर आधी टॅलीमधून लायसन्स ‘सरेंडर’ करा. ते न करता फॉरमॅट मारलं की नंतर लायसन्स परत चालू करताना अडकून पडायची वेळ येते.

कधी

सेवा केंद्रासाठी जून आणि जुलै हे दोन महिने वर्ज्य. जूनमध्ये अकरावी आणि बाकीच्या प्रवेशांसाठी दाखल्यांची झुंबड असते, आणि अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. त्यालाच लागून जुलैअखेरपर्यंत खरिपाच्या पीक विम्याचे अर्ज. बीड जिल्ह्यात विम्याच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रांवर काय गर्दी असते हे सांगायला नको. रब्बीच्या विम्यासाठी डिसेंबरच्या मध्यापर्यंत तसंच. अतिवृष्टीचं अनुदान आलं की ई-केवायसीची रांग लागते, तिची तारीख आधी कळत नाही. एकूण ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी बरा. डीटीपीवाल्यांनी तुळशीच्या लग्नापासून पुढची लग्नसराई टाळावी. दोन मशीनं असतील तर एकच आधी करा आणि आठ दिवस त्यावर सगळं काम करून बघा. विंडोज ११ केल्यावर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून परत १० वर जाता येतं. म्हणून त्या दहा दिवसांत डिस्क साफ करायला जाऊन ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसू नका, परतीची सोय त्यातच असते.

दुकानदाराशी बोलताना

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो, कारण यात लोकांचा आयुष्यभराचा डेटा जातो. विंडोज ११ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं विचारलं जातं. घाईत दुकानातला पोरगा स्वतःचा ईमेल टाकून पुढे जातो. २४एच२ पासून अशा मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन चालू होतं, आणि त्या कुलपाची ४८ आकडी चावी त्या पोराच्या खात्यात जाऊन बसते. पुढे बायोस बदललं, बोर्ड दुरुस्त केला की मशीन ती चावी मागतं. तोवर पोरगा काम सोडून पुण्याला गेलेला असतो. चावी नाही तर डेटा नाही, कोणताही तंत्रज्ञ तो काढून देऊ शकत नाही. म्हणून मशीन द्यायला जाताना स्वतःचा ईमेल आणि पासवर्ड घेऊन जा, खातं समोर बसून स्वतः टाका आणि चावी छापून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.

आणखी दोन-तीन गोष्टी. डेटाची प्रत आपल्या स्वतःच्या बाहेरच्या डिस्कवर घ्या, दुकानाच्या मशीनवर राहू देऊ नका. डेस्कटॉपवरच्या आणि डाउनलोडमधल्या फायली, फॉन्टचं फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड यांची आठवण स्वतः करून द्या, दुकानदाराला ते माहीत नसतं. रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना बॅटरीचा अहवाल मागा. विंडोज तो स्वतः काढून देते, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही लिहिलेल्या असतात. मूळच्या निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी किमतीतून वजा करून बोला. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल, सिरियल क्रमांक, वॉरंटीचे महिने आणि ‘विंडोज लायसन्ससह’ किंवा ‘विनालायसन्स’ असं स्पष्ट लिहून घ्या. बिल असलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला आयोगाकडे तक्रारीची फी लागत नाही. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाचं फारसं काही करता येत नाही.

जुनं मशीन विकणार असाल, तर त्याला भंगाराच्या भावाच्या जरा वर, पिढी आणि रॅम बघून दोन ते सहा हजार मिळतात. सेवा केंद्राचं किंवा कार्यालयाचं मशीन असेल तर हार्डडिस्क काढून मगच विका. डिस्कमुळे किमतीत तीनशे-चारशेचाच फरक पडतो आणि नुसतं डिलीट करून स्कॅन प्रती जात नाहीत, साध्या सॉफ्टवेअरने त्या परत निघतात. डिस्क द्यायचीच असेल तर विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये ‘सगळं काढा’ निवडून ‘क्लीन डेटा’चा पर्याय चालू करा. त्याला काही तास लागतात. रात्री लावून ठेवा, आणि यूपीएसवर.